मधल्या रकान्यातलं नाव

"पेशंटचं पूर्ण नाव सांगा. मिस्टरांचं नाव लावून."

जानेवारी २०२४. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझ्या वहिनीची आई तासाभरापूर्वी गेली होती. वहिनी आत पलंगाशी बसून होती आणि बाहेर काउंटरवर माझा भाऊ मृत्यूच्या माहितीचा फॉर्म भरून देत होता. सासऱ्यांचं नाव त्यानं सांगितलं, समोरच्या माणसानं ते मधे लिहिलं, पुढे आडनाव लिहिलं, सही घेतली. पासपोर्टची झेरॉक्स त्याच फायलीत होती, ती कुणी उघडून बघितली नाही. मीही शेजारीच उभी होते. त्या नावात काही चुकलंय असं मलाही वाटलं नाही.

आपल्याकडे बाईचं नाव असंच लिहितात. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते, दिवसभर नावंच लिहिते. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालेली असेल तर वडिलांच्या जागी नवऱ्याचं. हात आपोआप चालतो. या सवयीमुळे आमच्या घरातल्या फिलिपिनी माणसांच्या कागदांचं काय झालं आणि ते निस्तरायला सव्वा वर्ष कसं लागलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. परदेशी सून किंवा परदेशी जावई असलेली घरं आता आपल्या ओळखीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या कागदांवर नाव लिहिणारा हात आपल्यासारखाच असणार. घरच्यांची नावं मुद्दाम देत नाही, नात्यांवरूनच ओळखा.

वहिनी बातांगासची. मनिलाच्या दक्षिणेला असलेला हा प्रांत. दुबईत ती नर्स होती, भाऊ तिथेच एका कंपनीत हिशेब बघायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये आमच्या शहरात विशेष विवाह कायद्याखाली दोघांचं लग्न झालं. भावाला नोकरी बदलताना मधे अडीच महिने मिळाले होते. जिल्ह्यात तीस दिवसांचं वास्तव्य आणि त्यानंतर तीस दिवसांची नोटीस, हे त्यामुळेच जमलं. वहिनीनं लग्नाची नोंद नसल्याचा दाखला मनिलाहून मागवला होता. तिकडे त्याला सगळे सेनोमार म्हणतात. लग्नाला कायद्यानं आडकाठी नाही, असं तिच्या दूतावासाचं पत्रही होतं. विवाह अधिकाऱ्यांनी तिचं नाव पासपोर्टवरून अक्षर न अक्षर उतरवून घेतलं. तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, त्यातली एक माझी. तो दाखला बिनचूक होता, हे पुढे फार कामाला आलं.

चुकलं ते त्यानंतर. फिलिपिनी नागरिकाचं लग्न, मूल किंवा मृत्यू परदेशात झाला की त्याची नोंद फिलिपिन्सच्या दूतावासात करायची असते. त्याचे तीन वेगळे अर्ज आहेत आणि तिकडची माणसं ते इंग्रजी नावांनीच ओळखतात: रिपोर्ट ऑफ मॅरेज, रिपोर्ट ऑफ बर्थ, रिपोर्ट ऑफ डेथ. फिलिपिन्समधली नागरी नोंदणी १९३१ पासून लागू असलेल्या ३७५३ क्रमांकाच्या कायद्यावर चालते. दूतावासात भरलेल्या चार प्रतींपैकी काही मनिलाच्या परराष्ट्र खात्यामार्फत तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएसएकडे जातात. २०१३ च्या कायद्यानं पीएसए झालं, त्याआधी हे काम तिथल्या जुन्या सांख्यिकी कार्यालयाकडे, एनएसओकडे होतं. म्हणून वहिनीचे वडील अजूनही "एनएसओची कॉपी" असंच म्हणतात. एका रिपोर्टची फी २५ डॉलर. म्हणजे पैशापायी कुणी थांबावं, असं हे काम नाही.

तरी ते राहिलं. लग्नानंतर पंधरा दिवसांत दोघं दुबईला परतली. तिथल्या व्हिसाला भारतातला साक्षांकित विवाह दाखला पुरला. दुबईत वहिनीनं एकदा चौकशी केली होती, तेव्हा कळलं की लग्न ज्या देशात लागलं त्या देशातल्या दूतावासात नोंद करायची असते, म्हणजे दिल्लीला. दुबईहून सुटीत आलेलं माणूस दिल्लीला कशाला जातंय? "पुढच्या खेपेला बघू" म्हणता म्हणता सात वर्षं गेली.

इथे एक गैरसमज आधी दूर करते, कारण तो आमच्या घरातही होता. नोंद केली नाही म्हणून लग्न बेकायदा ठरत नाही. फिलिपिन्सच्या कुटुंब संहितेचं २६ वं कलम सांगतं, की लग्न जिथं लागलं तिथल्या कायद्यानं ते वैध असेल तर फिलिपिन्समध्येही वैध आहे, काही मोजके अपवाद सोडून. म्हणजे वहिनीचं लग्न पहिल्या दिवसापासून पक्कं होतं. पण पीएसएच्या दप्तरात ती २०२४ पर्यंत अविवाहित होती. कुणी तिचा सेनोमार मागवला असता तर "विवाहाची नोंद आढळत नाही" असंच छापून आलं असतं. ज्या देशात मुस्लिम कायद्याखालची लग्नं सोडली तर घटस्फोटाचा कायदाच नाही, तिथे कायद्यानं एक आणि दप्तरात दुसरं, ही स्थिती साधी नाही. वहिनीला हे समजल्यावर ती अस्वस्थ झाली. "म्हणजे माझ्या गावाच्या हिशेबानं मी सात वर्षं कोण म्हणून राहतेय?" हा तिचा प्रश्न मला अजून आठवतो.

मुलगी झाली जुलै २०२० मध्ये. मार्चपासून विमानं बंद होती. भाऊ दुबईत अडकलेला, वहिनी बाळंतपणासाठी आधीच आमच्याकडे आलेली. रुग्णालयात एकाच माणसाला आत सोडत होते आणि ते माणूस मी होते. जन्माच्या माहितीचा नमुना क्रमांक १ मी भरला. वडिलांचं नाव बरोबर लिहिलं. आईच्या रकान्यात लिहिलं: वहिनीचं पहिलं नाव, मधे माझ्या भावाचं नाव, शेवटी आमचं आडनाव. शाळेत रोज लिहिते तसंच. वहिनीच्या पासपोर्टवर असं नाव कुठेही नव्हतं. लग्नानंतर तिनं नाव बदललंच नव्हतं. बाळाच्या नावाचा रकाना बारशापर्यंत रिकामा होता, नंतर त्यात नुसतं नाव आणि आडनाव भरलं गेलं. जन्माचा दाखला आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी बाळाच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. आईच्या नावाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

वहिनी मला "आते" म्हणते. तिच्या भाषेत मोठ्या बहिणीला आते म्हणतात. मुलगी बोलायला लागली आणि तीही मला आत्या म्हणू लागली, तेव्हा वहिनीला वाटलं आईचं ऐकून शिकली, आणि आम्हाला वाटलं आमचं. हे इथे सांगायचं कारण एवढंच, की दोन भाषांतला एकच आवाज दोन वेगळी नाती सांगत होता, आणि नावांच्या बाबतीतही आमचं तेच झालं होतं. मधलं नाव त्यांच्याकडेही असतं आणि आपल्याकडेही असतं. ते नातं मात्र एक नसतं.

फिलिपिनी माणसाचं मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. कोराझोन अक्विनो यांचंच बघा. ही कुटुंब संहिता राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांच्याच सहीनं जुलै १९८७ मध्ये निघाली आणि ऑगस्ट १९८८ पासून लागू झाली. त्यांची आई माहेरची सुमुलोंग, वडील कोहुआंगको. म्हणून लग्नाआधी मधलं नाव सुमुलोंग, आडनाव कोहुआंगको. अक्विनोंशी लग्न झाल्यावर कोहुआंगको हे आडनाव मधे सरकलं आणि पुढे अक्विनो आलं. त्यांचा मुलगा बेनिग्नो पुढे स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला, त्याचंही मधलं नाव कोहुआंगको. म्हणजे बाईच्या माहेरचं आडनाव तिच्या मुलांच्या नावात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहतं. ही आडनावं स्पॅनिश वळणाची का, तर १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरिया यानं आडनावांची छापील यादीच काढली आणि माणसांना त्यातून आडनावं वाटली गेली. लादलेली असली तरी पावणेदोनशे वर्षांत ती त्यांचीच झाली आहेत.

लग्न झाल्यावर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे, अशी सक्तीही तिकडे नाही. नागरी संहितेच्या ३७० व्या कलमात "लावू शकते" असं आहे आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका पासपोर्टच्या खटल्यात तसंच सांगितलं. त्यामुळे वहिनीचं माहेरचं नाव तसंच ठेवणं पूर्ण कायदेशीर होतं. त्या नावात नवऱ्याचं नाव घालणारी मी होते.

आता नानायच्या, म्हणजे वहिनीच्या आईच्या दाखल्याकडे येते. नातीला बघायला त्या डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदाच भारतात आल्या. नाताळ आमच्याकडे झाला. जानेवारीत न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत संपलं. बातांगासला भावाचे सासरे आजारी, प्रवास करू शकत नव्हते. वहिनीच्या भावंडांशी फोनवर बोलून इथल्याच ख्रिस्ती दफनभूमीत दफन करायचं ठरलं. नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना झाली, तिकडे त्याला पासियाम म्हणतात. फोन टेबलावर उभा करून बातांगासचं घर आमच्या हॉलमध्ये बसायचं.

दाखला हातात आला तो दहाव्या दिवशी. नाव, मधे सासऱ्यांचं नाव, आडनाव. नानायच्या माहेरचं आडनाव त्यात कुठेच नव्हतं. वहिनीनं दाखला बघितला आणि म्हणाली, "आते, ही माझी आई नाही." मला आधी ते दुःखातलं बोलणं वाटलं. मग तिनं पासपोर्ट बाजूला ठेवून दाखवलं.

तिकडे हा दाखला कशासाठी लागणार होता, तेही सांगते. नानायची एसएसएसची, म्हणजे तिकडच्या सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन बंद करून सासऱ्यांच्या हक्काची मागायची होती. घराची जमीन दोघांच्या नावावर होती, तिची वारसांनी वाटणी करायची होती. वारसा कर सहा टक्के, आणि त्याचं विवरण मृत्यूपासून वर्षाच्या आत भरायचं असतं. या सगळ्याला रिपोर्ट ऑफ डेथ हवा, आणि तो दूतावास भारतातल्या दाखल्यावरूनच करणार. इथल्या दाखल्यावर जे नाव असेल, तेच मनिलाच्या दप्तरात जाणार. पीएसएमध्ये नानायचा जन्म आणि लग्न एका नावानं, आणि मृत्यू भलत्याच नावानं. कागदाच्या दृष्टीनं नानाय जिवंतच राहिल्या असत्या आणि कुणी अनोळखी बाई भारतात वारली असती.

फेब्रुवारीअखेर आम्ही दिल्लीला कागदांबद्दल विचारणा केली. उत्तर सरळ होतं: आधी स्थानिक दाखला दुरुस्त करा. त्याच वेळी वहिनीच्या लग्नाच्या नोंदीचा विषय निघाला, आणि पाठोपाठ मुलीचा. तिन्ही गाठी एकदम समोर आल्या.

क्रम काय लावायचा, यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन संध्याकाळी गेल्या. मृत्यूचं काम सगळ्यात तातडीचं. पण मुलीच्या जन्माची नोंद लग्नाच्या नोंदीआधी करणं चुकीचं ठरलं असतं. आईवडिलांच्या लग्नाचा पुरावा दप्तरात नसेल तर मूल विवाहाबाहेरचं धरलं जातं, आणि तिथल्या कायद्यात अशा मुलाचं आडनाव, पालकत्व, वारसाहक्क सगळंच वेगळं असतं. वडिलांचं आडनाव लावायचं तर वेगळं प्रतिज्ञापत्र लागतं. मुलीच्या माथी विनाकारण हे कशाला? म्हणून आधी लग्न, मग जन्म. मृत्यूचा कागद स्वतंत्र चालवायचा, पण दिल्लीची फेरी एकच.

सर्वांत जास्त वेळ दुरुस्तीला लागला. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ च्या १५ व्या कलमाखाली निबंधक चुकीची नोंद दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात शेरा लिहून सही करतात. आशयाची चूक असेल तर खरी हकिकत माहीत असलेल्या दोन विश्वासार्ह माणसांचं निवेदन लागतं. आम्ही दोन्ही अर्ज एकदम दिले. टेबलामागच्या गृहस्थांना मृत्यूचा अर्ज काही केल्या पटेना. "मॅडम, मधे मिस्टरांचं नाव काढून माहेरचं आडनाव घालायचं? आणि मग मिस्टर कोण, हे कसं कळणार?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी चार वर्षांपूर्वी हाच विचार करून फॉर्म भरला होता. मी त्यांना नमुना दाखवला: पतीच्या नावाचा रकाना वेगळा आहे, मिस्टरांचं नाव तिथे आहेच. मृत व्यक्तीच्या नावात ते पुन्हा घालायची गरज नाही. पण तोंडी समजावून नोंद बदलत नाही, आणि बदलूही नये. पुरावा लागतो. तो बातांगासहून आला. वहिनीच्या भाच्यानं पीएसएमधून नानायचा जन्मदाखला आणि विवाहदाखला काढून कुरियर केला. दोन्हींवर माहेरचं आडनाव ठळक. सोबत पासपोर्ट. जन्माच्या नोंदीसाठी वहिनीचा पासपोर्ट आणि तो बिनचूक विवाहदाखला. दुरुस्त दाखले मे महिन्यात मिळाले.

एक अक्षर तरीही राहिलं. नानायच्या माहेरच्या आडनावात स्पॅनिश अक्षर आहे, इंग्रजी एनवर नागमोडी रेघ असलेलं. वहिनीच्या मधल्या नावातही तेच. इथल्या संगणकात ते अक्षरच नव्हतं, साधा एन छापला गेला. फिलिपिनी पासपोर्टच्या तळाशी यंत्रानं वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यातही साधा एनच असतो. ते पान आम्ही जोडलं आणि त्यावरून काही अडलं नाही.

पुढचं भराभर झालं. तिन्ही दाखल्यांवर मुंबईत मंत्रालयाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे या करारातल्या देशांत चालणारं साक्षांकन. भारत २००५ पासून आणि फिलिपिन्स मे २०१९ पासून अपोस्टील करारात आहे, त्यामुळे साखळी तिथेच संपते. (दुबई ज्या देशात आहे ती संयुक्त अरब अमिरात या करारात नाही. आमच्यासारखी अर्धी कागदपत्रं दुबईतली असतील तर तिकडच्या दाखल्यांचं साक्षांकन वेगळ्या वाटेनं करावं लागतं, हे आधी धरून चाला.) लग्न आणि जन्म वर्ष उलटल्यावर नोंदवत असल्यानं त्या दोन्हींना उशिराच्या नोंदणीचं प्रतिज्ञापत्र जोडलं. उशीर का झाला, या प्रश्नाखाली वहिनीनं खरं तेच लिहिलं: गरज पडली नाही म्हणून केली नाही.

जूनमध्ये आम्ही राजधानीनं दिल्लीला गेलो. चाणक्यपुरीतल्या दूतावासात वहिनी फॉर्म भरत होती. मोठी अक्षरं, प्रत्येक प्रत हातानं सही केलेली. लग्नाचा झाला, मुलीचा झाला. मुलीच्या मधल्या रकान्यात तिनं स्वतःच्या माहेरचं आडनाव लिहिलं. भारतातल्या दाखल्यात मुलीला मधलं नावच नाही, म्हणून विरोध कुठे आला नाही. बारशाच्या वेळी तो रकाना रिकामा ठेवला गेला, त्याचे मी आभार मानते. मग नानायचा फॉर्म. पहिलं नाव लिहून झालं आणि पेन मधल्या रकान्यावर थांबलं. तिनं माहेरचं आडनाव लिहिलं, एनवरची रेघ काढली, आणि ती रेघ पुन्हा एकदा गडद केली. चारही प्रतींवर.

भावाच्या मनात शेवटपर्यंत एक धास्ती होती: या नोंदीनं मुलीचं भारतीय नागरिकत्व जाईल का? मुलगी इथे जन्मली, वडील भारतीय आणि आई रीतसर व्हिसावर, म्हणून जन्मानं भारतीय. १९८७ च्या फिलिपिनी राज्यघटनेप्रमाणे आई किंवा वडील फिलिपिनी असले तरी मूल जन्मतः फिलिपिनी, म्हणजे तेही ती पहिल्या दिवसापासून होतीच. रिपोर्ट ऑफ बर्थनं नागरिकत्व मिळत नाही, असलेलं दप्तरात उतरतं. पासपोर्टची गोष्ट मात्र निराळी. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि परदेशी पासपोर्ट घेण्याकडे कायदा गंभीरपणे बघतो. मुलीचा फिलिपिनी पासपोर्ट आम्ही काढलेला नाही. नागरिकत्व कायदा जाणणाऱ्या वकिलाचं लेखी मत घेतल्याशिवाय काढणारही नाही, आणि दुसऱ्या कुणी काढू नये असं माझं ठाम मत आहे.

दूतावासानं नोंद केलेल्या प्रती आम्हाला दिल्या. कागद मनिलाला कोणत्या पाठवणीतून गेले, त्याचा क्रमांक आणि तारीख वहिनीनं मागून घेतली. हा क्रमांक प्रत्येकानं जपून ठेवावा. पीएसएची प्रत निघायला कित्येक महिने लागतात, आणि तिथे विचारायला गेल्यावर पहिल्यांदा तोच लागतो. तोवर नानायच्या रिपोर्टच्या प्रतीवर तिकडची कामं सुरू झाली. वारसांच्या वाटणीसाठी वहिनीनं धाकट्या भावाला मुखत्यारपत्र पाठवलं. कराचं विवरण मुदतीत भरलं गेलं. एप्रिल २०२५ मध्ये सासऱ्यांनी पीएसएची मृत्यूची प्रत फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांना बारीक अक्षर दिसत नाही. त्यांनी वहिनीला नाव वाचायला सांगितलं, आणि तिनं तिन्ही भाग सावकाश वाचले. लग्नाची प्रतही आली. मुलीची अजून यायची आहे.

जूनमध्ये मुलीला आमच्याच शाळेच्या सीनियर केजीत घातलं. प्रवेशाचा फॉर्म माझ्या टेबलावर आला. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि शेवटी आईचं नाव. वहिनीचा पासपोर्ट मी समोर उघडा ठेवला आणि आईच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव देवनागरीत लिहिलं. त्या नागमोडी रेघेचा प्रश्न इथे आला नाही, न्य लिहिलं की झालं.